इंजिनाला डोंग्याचा लेप

माझी गाडी थांबली की मरायची. धावत असली की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही, आणि रेल्वे फाटकापाशी, चौकात, म्हशींच्या कळपासमोर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की दोनदा उसासा टाकून बंद पडायची. इंजिन तापलेलं असलं तर लगेच पुन्हा चालू व्हायची नाही. अर्धा तास, कधी पाऊण तास तिला निवत ठेवावं लागायचं. त्या काळात मी झोपेतसुद्धा उजवा पाय दाबून धरायचो, असं बायको सांगते.

मी मूलमध्ये एका राईस मिलमध्ये फिटर आहे. दिवसभर पट्टे, बेअरिंग आणि कोंडा उडवणारे पंखे यांच्यात असतो. चाळिशी उलटल्यावर मला वेगाची हौस लागली. चंद्रपूरच्या एका डॉक्टरांकडे सोळा वर्षं जुनी, टर्बो इंजिनाची परदेशी गाडी पडून होती. तिचा अ‍ॅक्सिलरेटर पुरता दाबला की छातीवर कुणीतरी हात ठेवून मागे ढकलतंय असं वाटायचं. मी ती घेतली. मिलमधले लोक तिला विमान म्हणायला लागले. बायको म्हणाली, "शोभते का हे तुमाले?" आणि बानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडीला एक चक्कर मारून विचारलं, "पान्यात टाकली तं तरंगन का?"

बाचा प्रश्न चुकीचा नव्हता. आम्ही ढिवर. गावच्या तलावात मासे धरण्यात बाचा जन्म गेला. त्याच्या लेखी तरंगतं ते वाहन, बाकीचं सामान.

वर्षभर गाडीनं मला राजासारखं फिरवलं. मग तिची शीळ सुरू झाली. गाडी उभी असली की बोनेटखालून बारीक व्हूं ऽ ऽ असा आवाज यायचा, आणि इंजिनाचा वेग आपोआप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. काट्याकडे बघवायचं नाही. चंद्रपूरच्या मेकॅनिकनं एका मिनिटात निदान केलं. इंजिनाला पेट्रोलाबरोबर हवा लागते, आणि ती हवा मोजून चारही सिलिंडरना वाटून देणारी एक प्लॅस्टिकची पेटी असते, चार बोटांच्या पंजासारखी. तिला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. सोळा वर्षांच्या उष्णतेनं माझ्या गाडीची ती पेटी कुठेतरी तडकली होती. न मोजलेली हवा आत शिरत होती आणि इंजिनाचा हिशोब चुकत होता. "पेटीच बदला लागते," मेकॅनिक म्हणाला, "नागपुरातई भेटन का नाई, सांगता येत नाई. तवरिक चालवू नका."

मी चालवत राहिलो. इथून भीती सुरू झाली. मूल–चंद्रपूर रस्ता जंगलातून जातो आणि त्या रस्त्यावर वाघ दिसतो. त्या पट्ट्यात गाडी थांबवायची नाही, खाली उतरायचं नाही, हे आमच्याकडे पोरांनाही सांगावं लागत नाही. आता गाडीही तेच म्हणायला लागली होती. समोर एखादा ट्रक हळू झाला तरी माझ्या तोंडचं पाणी पळायचं. गीअर काढून पाय दाबून धरायचा, गाडी उभ्या जागी बोंबलत ठेवायची, आणि लोक वळून बघतात ते सोसायचं. लोकांना वाटायचं, हा शायनिंग मारतो. मी जीव मुठीत धरून बसलेला असायचो.

बाला हे कळलं, कारण गाडीचा आवाज त्याच्या खाटेपर्यंत जायचा. त्या उन्हाळ्यात तलावाच्या पाळीवरून घसरून त्याच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण वॉकर धरल्याशिवाय त्याला पाऊल टाकता येत नव्हतं. एका सकाळी त्यानं मला खुर्ची बोनेटपाशी मांडायला लावली. बोनेट उघडून गाडी चालू ठेवायला सांगितली, बिडी पेटवली आणि वाकून बसला. बिडीचा धूर वर जात होता. बानं हात हळूहळू मॅनिफोल्डच्या कडेनं फिरवला. पेटीच्या तिसऱ्या बोटाच्या मुळाशी धूर वर जायचा सोडून आडवा झाला आणि आत ओढला गेला.

"इथी आहे," बा म्हणाला.

मी वाकून पाहिलं. केसासारखा तडा होता. मेकॅनिकनं फक्त रोग सांगितला होता, बानं बोट ठेवून जागा दाखवली. इतका खूश मी त्याला ऑपरेशननंतर पाहिलाच नव्हता.

मग आम्ही दोघांनी जे केलं ते ढिवराच्या घरातच होऊ शकतं. डोंग्याला, म्हणजे आमच्या लाकडी होडीला, तडा गेला की बा राळ तेलात शिजवायचा, तिच्यात जुन्या जाळ्याचं सूत बारीक करून घालायचा आणि तो काळा लेप तड्यात दाबून बसवायचा. एकेका लेपावर डोंगा चार-चार वर्षं चालायचा. बाचं म्हणणं सरळ होतं. डोंग्यात बाहेरचं पाणी आत येतं, इथे बाहेरची हवा आत येते, फरक काय? मी फिटर माणूस, मला अक्कल असायला हवी होती. पण मलाही ते पटलं. बानं खाटेवर बसून लेप शिजवला, मी तो लावला. गाडी चालू केली. शीळ बंद. काटा जागच्या जागी. बानं नुसतं "हं" केलं, पण त्या दिवशी त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला खाटेपाशी बोलावून ते सांगितलं.

डोंगा थंड पाण्यात असतो. ही गोष्ट आम्हा दोघांच्याही लक्षात आली नाही.

घर ते मिल, मिल ते घर, एवढ्यात इंजिन फारसं तापत नसे. लेप टिकला. माझी भीती मोडली आणि मी पुन्हा मिशीला पीळ द्यायला लागलो. दिवाळीनंतर धान कापणीच्या दिवसांत कुरखेड्याला माझ्या बहिणीच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. बायको-पोरं आदल्या दिवशी बसनं पुढे गेली. बाला बसमध्ये चढवणं शक्य नव्हतं. "तुह्या विमानात नेऽ," बा म्हणाला. मीही ऐटीत म्हटलं, "दोन घंट्यात पोचवतो."

मूलपासून कुरखेडा शंभर किलोमीटरच्या वर आहे. ब्रह्मपुरीपर्यंत मी गाडी हाणली. बा पुढच्या सीटवर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. काच चार बोटं खाली, कारण बंद काचेत त्याचा जीव गुदमरतो. वैनगंगेचा पूल ओलांडून वडसा मागे पडलं आणि एका गतिरोधकावर मी पाय सैल केला, तेव्हा बोनेटखालून बारीक आवाज आला. व्हूं.

मी नजर रस्त्यावरच ठेवली. बानंही मान वळवली नाही. पुढच्या वळणावर आवाज मोठा झाला. काटा खाली गेला, गाडीनं उसासा टाकला, मी झटकन पाय दाबला. आता उरलेले पंचवीस-तीस किलोमीटर न थांबता काढायचे होते. दोन्ही बाजूंना जंगल, मधे मधे कापलेल्या धानाची शेतं, आणि ऊन उतरायला लागलेलं. "लेप सुटला," असं मला म्हणता आलं असतं. पण लेप बाचा होता. दोन महिने तो त्या लेपाच्या जिवावर ताठ बसला होता. तेव्हा मी तोंड मिटून घेतलं आणि मनात म्हणत राहिलो की समोर कुणी येऊ नये, म्हैस येऊ नये, बैलबंडी येऊ नये.

एका वळणापुढे खाकी कपड्यातल्या वनरक्षक बाई रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभ्या होत्या.

या भागात काही वर्षांपासून छत्तीसगडकडून हत्ती येऊन राहिले आहेत. धान पिकलं की बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, उतरतात, झोपड्या मोडतात, माणसंही मेली आहेत. बहिणीच्या सासरी त्यांचं नाव घेत नाहीत, पाव्हणे म्हणतात. बाईंनी काचेवर टकटक केली. "पाव्हने रोड पार करून राह्यले. इंजिन बंद करा. हॉर्न नाई, बोलनं नाई, कोनी खाली उतरायचं नाई." आमच्या मागे बांबूचा ट्रक येऊन थांबला, त्याच्यामागे ट्रॅक्टर, बाजूला दोन मोटरसायकली. एकेक इंजिन बंद झालं. सगळीकडे शांत. फक्त माझी गाडी बोंबलत होती.

मी बंद केली नाही. मनात एकच विचार फिरत होता. बंद केली की ती पाऊण तास चालू होणार नाही. हत्ती इकडे वळले तर मोटरसायकली पळतील, लोक पळतील, आणि बा? बाला तर डिकीतलं वॉकर काढून दिल्याशिवाय उभंही राहता येत नाही. हे सगळं बाईंना सांगायला किती वेळ लागला असता? पण मागे माणसं होती, शेजारी बा होता, आणि माझी गाडी एकदा थांबली की उठत नाही हे मला चारचौघांत म्हणवेना. मी "करतो, करतो" म्हणालो आणि पाय दाबून ठेवला.

"भाऊ, बंद करा नं! काऊन चालू ठेवून राह्यले?" बाई दबक्या आवाजात ओरडल्या.

"बंद कर गा," बा म्हणाला.

तेवढ्यात बांबूच्या बेटातून पहिला हत्ती रस्त्यावर आला. मी तोवर हत्ती फक्त सर्कशीत पाहिला होता. हा मातीचा होता, रस्त्याएवढा रुंद, आणि त्याच्या पायांचा आवाजच होत नव्हता. त्याच्यामागे दुसरा. मग दोघांच्या मधे एक पिल्लू, आणि पिल्लाच्या मागे त्याची आई. आमच्यापासून शंभर पावलांवर. बाई बाजूच्या सागाच्या खोडाआड सरकल्या. माझ्या पायाला कापरं भरलं, त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर थरथरायला लागला आणि गाडीची शीळ चढायची, उतरायची, व्हूं ऽ, व्हूं ऽ ऽ. हत्तीण रस्त्याच्या मधोमध थांबली. तिनं कान पसरले आणि आमच्याकडे तोंड केलं.

मी तेव्हाही गाडी बंद करू शकलो असतो. किल्ली हाताशी होती.

ती निघाली. पळत नव्हती, चालत होती, पण दर पावलाला काचेत मोठी होत होती. मागे ट्रक होता, रिव्हर्सला जागा नव्हती. मला तिच्या कपाळावरचे केस दिसले. आणि मी दार उघडून पळालो.

पायांनी आपोआप पळवलं असं म्हणायची सोय आहे. पण दार उघडायला हात लागतो, सीटबेल्ट काढायला बोट लागतं. मी सीटबेल्ट काढला, दार उघडलं, उतरलो आणि पळालो. बाकडे पाहिलं नाही. ट्रकच्या मागे गेलो, तिथून खाली मोरीत उडी मारली आणि सिमेंटच्या पाइपाशी अंग चिकटवून बसलो. तोंडात माती गेली होती. तेव्हा मला आठवलं की गाडीत बा आहे.

हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. पण ते तसंच आहे. आधी मी मोरीत होतो आणि मग मला बा आठवला.

माझा पाय निघाल्यावर गाडीनं दोनदा उसासा टाकला असणार आणि ती बंद पडली असणार, कारण सगळीकडे एकदम शांत झालं. मी मान वर काढली. ट्रकच्या चाकांमधून माझ्या गाडीचा मागचा भाग दिसत होता, आणि टपाच्या वर हत्तिणीचं डोकं. पळत जावं असं वाटत होतं आणि अंग हलत नव्हतं. मागच्या काचेतून बाच्या टोपीचा पांढरा ठिपका दिसत होता. तो हलत नव्हता. तिनं सोंड बोनेटवर ठेवली. बोनेट तापलेलं होतं, तिनं ती झटकन उचलली. मग ती सोंड बाच्या बाजूला गेली, चार बोटं उघड्या काचेकडे. किती वेळ गेला मला माहीत नाही. माझ्या बाचं काय होतंय ते मी मोरीतून बघत होतो.

मग रस्त्यापलीकडून पिल्लू ओरडलं. हत्तीण वळली आणि आली तशी निघून गेली.

बांबूचं बेट हलायचं थांबलं तसे सगळे गाडीपाशी धावले. मी सगळ्यात शेवटी पोचलो. माझ्या बाजूचं दार उघडंच होतं. बा होता तिथेच बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, धोतर ओलं झालेलं. वनरक्षक बाई उघड्या दारापाशी आल्या. "कोन आहे हा? म्हाताऱ्या मानसाले एकटं सोडून कोन पळालं?" त्यांनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या गुडघ्यांना मोरीचा चिखल होता.

"मीच म्हटलं त्याले," बा काचेतून म्हणाला. त्याचा आवाज खरवडल्यासारखा होता. "म्हटलं, तुले लेकरं आहेत. मले पळता येत नाई, तू पळ. आयकत नव्हता. मी रागावलो तवा गेला."

बाईंचा चेहरा उतरला. ट्रकवाल्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. कुणीतरी म्हणालं, बाप असावा तर असा. खरं बोलायला तेव्हाही एक क्षण होता. तो मी जाऊ दिला.

गाडी चालू झाली नाहीच. ट्रॅक्टरला दोर बांधून तिला कुरखेड्याला नेलं. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो, बा शेजारी. अख्ख्या वाटेत तो एकदाच बोलला. "लेप सुटला वाटते," म्हणाला. मी "हाव" म्हटलं.

साक्षगंधाच्या मांडवात ती गोष्ट आमच्याआधी पोचली होती. बाला मधे बसवून लोकांनी ती चार-चार वेळा ऐकली, आणि दर वेळी बा तिच्यात भर घालत गेला. म्हणे मी गाडीतून उतरायला तयार नव्हतो, मी त्याचा हात धरून ठेवला होता, त्यानं माझा हात सोडवला. बायकोनं पदरानं डोळे पुसले. बहीण मला वाढताना म्हणाली, "दादा, बानं म्हटलं तरी तुज्यानं पळनं झालं कसं गा?" माझ्या तोंडात भात होता.

बा महिनाभर कुरखेड्याला राहिला. मी गाडी टेम्पोवर चढवून चंद्रपूरला नेली. मेकॅनिकनं मॅनिफोल्ड उतरवलं तेव्हा राळ वितळून आतल्या नळीत गुळासारखी बसली होती, तिच्यात जाळ्याचे धागे. "हे काय घातलं?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो हसून हसून खाली बसला. मग गंभीर होऊन म्हणाला की ती गुठळी आणखी आत गेली असती तर अख्खं इंजिन गेलं असतं. नवं मॅनिफोल्ड शेवटी नागपुरातच मिळालं. शीळ गेली. आता गाडी फाटकापाशी हळू आवाजात उभी राहते, पाहिजे तेवढा वेळ. तरी माझा पाय आपोआप दाबला जातो.

बाला आणायला गेलो तेव्हा तो पुढच्या सीटवर बसला आणि काच चार बोटं खाली केली. वडशापुढे वैनगंगेच्या पुलाआधी म्हणाला, थांब, पाणी पाहू दे. मी गाडी कडेला घेऊन बंद केली. खाली दोन डोंगे उभे होते. तो त्यांच्याकडे बघत होता. मला वाटलं, आत्ता नाही विचारलं तर मी हे कधीच विचारणार नाही.

"बा," मी म्हटलं, "तू मले पळ म्हटलंच नव्हतं."

"नाई म्हटलं."

"मंग सगळ्यायले खोटं काऊन सांगतलं?"

बानं पाण्यावरची नजर काढली नाही.

"खोटं कायचं गा त्याच्यात," तो म्हणाला. "मी म्हननारच होतो. तू आयकाले थांबला नाईस."